जसे आले तसे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, पेट्यांच्या तळाशी पडलेली जुनी दप्तरे गोळा करीत त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांच्या संग्रहाला तिथे छप्पर मिळाले. कागद खरा की खोटा, कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि का लिहिला, हे विचारण्याची जी शिस्त मराठीत रुजली, तिचे एक महत्त्वाचे ठाणे अशा रीतीने खानदेशात आले.

त्याच धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही या समाजाची पिढीजात उपजीविका. ही मुले पळवणारी टोळी आहे अशा संशयावरून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि जिवे मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश त्याआधी काही दिवस त्या परिसरात मोबाइलवरून फिरत होते.

या दोन घटना शेजारी-शेजारी मांडण्यात थोडा अन्याय आहे, याची मला जाणीव आहे. जिल्ह्याच्या गावातली संशोधनसंस्था आणि डोंगराकडेचा आदिवासी मुलूख यांचा परस्परांशी संबंध कधी आलाच नव्हता. परंतु मला बोलायचे आहे ते नेमके या न आलेल्या संबंधाविषयी. दोहोंना जोडू शकेल अशी एकच संस्था आपल्याकडे गावोगाव आहे, ती म्हणजे शाळा. माहिती कशी पारखावी आणि हातातल्या यंत्राचा वापर जबाबदारीने कसा करावा, हे शाळेने शिकवले पाहिजे असे अलीकडे सर्व जण म्हणतात. हा विषय संगणकाबरोबर बाहेरून आला, अशी त्यामागची समजूत असते. माझे म्हणणे असे की त्याचा गाभा आपल्याकडे कित्येक शतके होता, मात्र तो शाळेच्या दारापर्यंत पोचला नाही. आणि तो आता दारातून आत घ्यायचा, तर त्यात एक-दोन दुरुस्त्याही कराव्या लागतील.

प्रथम त्या संदेशांकडे पाहू. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरणाऱ्या दृश्यांपैकी दोन बरीच गाजली. एकात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती कराचीत तयार केलेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करणारी लघुफीत होती. मूळ फितीच्या शेवटी मोटरसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतो आणि सूचनेचा फलक दाखवतो. फिरणाऱ्या प्रतीत हा शेवट कापलेला होता. दुसरे चित्र ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचे. अवयवांसाठी मारलेली मुले, असे त्याखाली लिहिलेले असे. प्रत्यक्षात ती ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घौता येथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात मेलेली मुले होती.

यातले कोणतेही चित्र हाताने काढलेले किंवा यंत्राने रचलेले नव्हते. चित्र अस्सल आणि त्याचे स्थळ-काळ बनावट, असा हा प्रकार. आपल्या भाषेत सांगायचे तर संहिता खरी होती, पण तिचा शेवट गाळला होता आणि तिला खोटा पुष्पिकालेख जोडला होता. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा रोग नवीन नाही. पान गळणे, एका ग्रंथाचे पान दुसऱ्यात बांधले जाणे, कोणाची तरी रचना कोणाच्या तरी नाममुद्रेखाली जाणे, हे त्याच्या रोजच्या कामातले अडथळे. दुसरी गोष्ट अशी, की हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांना वाचता येत होते. अक्षरओळखीचा अभाव हे कारण देऊन आपल्याला सुटता येणार नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकाराचे मनोगत असते. पाठ आणि कंबर मोडली, मान वाकली, दृष्टी खिळली, अशा कष्टांनी हे लिहिले आहे, ते जपून ठेवा, असे तो सांगतो. आणि त्याच्याच जोडीला आणखी एक वाक्य हटकून असते. जसे पुस्तक पाहिले तसे उतरवले, शुद्ध असो वा अशुद्ध, त्याचा दोष मला देऊ नये. शेकडो पोथ्यांवर आढळणारा हा मजकूर इतका सांकेतिक झालेला आहे की आपण तो ओलांडून पुढे जातो. आज मोबाइलवरच्या संदेशांखाली ‘ॲज रिसीव्ह्ड’ किंवा ‘जसे आले तसे’ असे लिहिलेले दिसते, तेव्हा मला तो नकलकार आठवतो. पाठवणारा आपले हात झटकून मोकळा होतो, तेही त्याच शब्दांत.

अर्थात दोघांत फरक आहे आणि तो मोठा आहे. नकलकाराला एका प्रतीसाठी महिने लागत. इतके कष्ट घेण्याजोगा ग्रंथ कोणता, याची निवड आपोआप होई. श्रम हाच प्रसाराला लगाम होता. बोटाच्या एका स्पर्शाने शंभर प्रती निघू लागल्या तेव्हा हा लगाम गेला, आणि उरला तो फक्त हात झटकण्याचा संकेत. जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर काही आठवड्यांतच, भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. म्हणजे गेलेला लगाम यंत्रातच बसवण्याचा प्रयत्न झाला. तो आवश्यक होता. पण यंत्राने घातलेला लगाम आणि माणसाने स्वतः घेतलेली जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत.

ती जबाबदारी घेणाऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ रचला जाऊन तीनशे वर्षे होत आली होती. प्रतीमागून प्रत होताना पाठ बिघडले होते. एकनाथही एका अर्थाने नकलकारच होते. त्यांच्यासमोरही इतरांसारखीच हाती आलेली प्रत होती. ‘जसे पाहिले तसे लिहिले’ म्हणून ते थांबू शकले असते. त्याऐवजी त्यांनी पाठ तपासले, निवड केली, आपण हे शोधन केले असे शकासह नोंदवले आणि यापुढे ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी मिसळणाऱ्याला ताकीद देऊन ठेवली. पुढे जाणाऱ्या मजकुराला आपण उत्तरदायी आहोत, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते. माहिती-साक्षरतेची व्याख्या विद्यार्थ्याला सांगायची झाल्यास मी या दोन नकलकारांमधला फरक सांगेन.

राजवाड्यांनी हीच वृत्ती इतिहासाच्या क्षेत्रात आणली आणि तिला पद्धतीचे रूप दिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे तिचे बावीस खंड झाले. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत आणि त्याला मोठी प्रस्तावना आहे. तोवर पानिपताची हकिकत लोकांना बखरींतून ठाऊक होती. बखरींतले सन, संख्या, स्थळे आणि घटनाक्रम राजवाड्यांनी त्या काळातच लिहिलेल्या पत्रांसमोर ठेवून तपासले आणि बखरी जागोजाग कशा घसरतात ते दाखवले. दहा बखरी एकमुखाने एक गोष्ट सांगत असल्या आणि त्या वेळचा एक अस्सल कागद वेगळे सांगत असला, तर वजन कागदाला द्यायचे, हा त्यांचा दंडक. पुष्कळ जण सांगतात म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, कारण ते सगळे एकाच कोणाचे तरी ऐकून सांगत असू शकतात.

‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या शब्दातील वर्णांची उलटापालट होऊन आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, खबरेची बखर कशी होते हे पाहण्यासाठी आता शतक लागत नाही. एका सायंकाळी पुरते.

राजवाड्यांच्या कामातला किचकटपणा विद्यार्थ्यांपुढे यायला हवा असे मला वाटते. मराठी पत्रांत पुष्कळदा वर्ष नसते. ‘छ’ या अक्षरानंतर चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना, एवढेच असते. वर्ष ठरवायचे ते मजकुरातल्या माणसांवरून, लढायांवरून, कोण कोणत्या मुक्कामी होता त्यावरून. अक्षर मोडी, तेही ज्याचे त्याचे वेगळे. एका पत्राचे वर्ष चुकले की सगळा घटनाक्रम चुकतो. एका कागदाचा काळ ठरवण्यासाठी इतकी खटपट करणाऱ्या माणसाचा वारसा आपण सांगतो, आणि हाती आलेल्या दृश्यावर तारीख नाही हे आपल्या लक्षातही येत नाही.

मात्र राजवाडे हे निर्दोष पारखी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. जातीविषयीचे त्यांचे ग्रह त्यांच्या निष्कर्षांत उतरलेले आहेत. १९०९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी पुढे अभ्यासकांत वाद झाले. कागद पारखणारा स्वतःला पारखतोच असे नाही.

इथे आपल्या परंपरेतला दुसरा प्रवाह उपयोगी पडतो. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. अवतारकथांमागे परकीयांनी एतद्देशीयांवर केलेल्या आक्रमणाच्या आठवणी आहेत, असे फुल्यांनी मांडले. त्यांच्या मांडणीतले तपशील इतिहास म्हणून आज स्वीकारले जात नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न कायम आहे. ही गोष्ट कोणी लिहिली, आणि ती खरी मानली गेल्याने कोणाचा फायदा होतो? राजवाड्यांचा प्रश्न कागदाच्या अस्सलपणाचा, फुल्यांचा प्रश्न लेखणी कोणाच्या हाती आहे याचा. राईनपाड्याच्या संदर्भात दोन्ही प्रश्न लागतात. सीरियातले चित्र ओळखता आले असते, तर एक खोटी बातमी थांबली असती. पण भटक्या माणसाकडे, त्याच्या झोळीकडे आणि अनोळखी बोलीकडे संशयानेच पाहायचे, ही सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. अफवा त्या सवयीवरच उगवते. स्वतःच्या मनातल्या या तयार जमिनीकडे पाहायला न शिकवणारी माहिती-साक्षरता अर्धीच राहील.

मग हे सारे शाळेत का आले नाही? गंमत अशी की नावापुरते ते आलेले आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हे प्रकरण वेगवेगळ्या इयत्तांत येते. भौतिक, लिखित आणि मौखिक अशी साधनांची विभागणी मुलांना पाठ असते. जून २०१८ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक वर्षात दहावीला इतिहासाचे नवे पाठ्यपुस्तक लागले. त्याची पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर आहेत, राजवाड्यांचा उल्लेख त्यात आहे, आणि प्रसारमाध्यमांवरही एक प्रकरण आहे. ते पुस्तक मुलांच्या हाती पडले आणि महिन्याच्या आत राईनपाड्याची घटना घडली. मी पुस्तकाला दोष देत नाही. असे पुस्तक काढणे ही चांगली गोष्ट होती. पण परीक्षेत आपण विचारतो ते असे: लिखित साधनांची दोन उदाहरणे द्या. ताम्रपट, बखरी. दोन गुण. बखर हे साधन आहे हे मुलाला कळते. बखरीवर किती विश्वास ठेवायचा आणि तो कशावरून ठरवायचा, हे त्याने एकदाही करून पाहिलेले नसते. छापलेले पान हेच अंतिम सत्य, आणि ते शब्दशः उतरवणारा हुशार, ही आपल्या वर्गाची शिकवण आहे. त्या मुलाच्या हाती पडदा आला, तेव्हा त्याने पानावरचा विश्वास पडद्यावर ठेवला. आपण त्याला जे शिकवले होते तेच त्याने केले.

संगणक आला तेव्हा तरी हा प्रश्न निघायला हवा होता. ‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली. ते माहिती-उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख होते, आणि कामाच्या ठिकाणी माहितीची साधने वापरता येण्याचे कौशल्य त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने संज्ञेचा अर्थ विस्तारला. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, तिचे मूल्यमापन करणे आणि ती परिणामकारक रीतीने वापरणे, या सर्व गोष्टी तिच्यात आल्या. ग्रंथपालांनी विषय उचलला हे स्वाभाविक होते, कारण विद्यार्थ्याला पुस्तकांच्या गर्दीत वाट काढताना रोज पाहणारे तेच. आपल्याकडे बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाट आणि त्याची किल्ली दुसऱ्याच कामात अडकलेल्या शिक्षकाकडे. त्यामुळे या विषयाला शाळेत कोणी वालीच नव्हता. ‘संगणक साक्षर’ हा शब्द मात्र घरोघर पोचला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लाखोंनी केला, सरकारी नोकऱ्यांसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. त्याने अनेकांची भीती घालवली आणि अनेकांना पोटापाण्याला लावले, हे मोलाचेच. पण त्या शब्दातल्या ‘साक्षर’चा अर्थ यंत्र चालवता येणे एवढाच उरला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि पुस्तकाचे दुकान जिथे कधी नव्हते अशा पाड्यांवर चित्रफिती पोचल्या. वाचनाची एक संपूर्ण पायरी गाळून आपण पुढे गेलो.

इथवर वाचून साहित्याच्या शिक्षकाला समाधान वाटेल, की चला, ही तर आपलीच विद्या आहे. बारकाईने वाचायला शिकवले की झाले. मलाही बराच काळ असेच वाटे. अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञ सॅम वाइनबर्ग यांच्या दोन अभ्यासांनी ते समाधान डळमळीत केले. १९९१ च्या पहिल्या अभ्यासात त्यांनी आठ इतिहासकार आणि आठ शालेय विद्यार्थी यांना एकाच लढाईविषयीचे कागद वाचायला दिले. इतिहासकारांची नजर मजकुराआधी तळाशी, लेखकाच्या नावाकडे आणि तारखेकडे जाई; विद्यार्थी पहिल्या शब्दापासून वाचू लागत. राजवाड्यांना हे पटले असते. दुसरा अभ्यास त्यांनी सारा मॅकग्रू यांच्याबरोबर केला आणि तो २०१७ मध्ये पुढे आला. यात दहा इतिहासकार, वृत्तांची पडताळणी करणारे दहा व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे त्यांच्यापुढे ठेवली होती. एक जुनी आणि सर्वमान्य, दुसरी तिच्यातून फुटून निघालेली, लहान आणि एका विशिष्ट मताचा पुरस्कार करणारी. दिसायला दोन्ही सारखीच गंभीर. इतिहासकार आणि विद्यार्थी पान नीट वाचत बसले, मांडणी आणि संदर्भ न्याहाळत राहिले, आणि त्यांतले बरेच जण फसले. पडताळणी करणारे काही क्षणांत ते पान सोडून बाहेर पडले. या संघटनेविषयी इतर कोण काय म्हणते ते त्यांनी आधी पाहिले, आणि त्यांतला एकही फसला नाही.

याचा अर्थ असा, की खोल वाचन हा आपला सर्वांत मोठा गुण अनोळखी पानापुढे दोष ठरू शकतो. कवितेत आपण विद्यार्थ्याला सांगतो, बाहेरचे काही आणू नकोस, संहितेत थांब. पडद्यावर आलेल्या मजकुराबाबत सांगावे लागते, आत थांबू नकोस, आधी बाहेर जाऊन ये. लबाड मजकूर बारकाईने वाचल्याने उघडा पडत नाही, उलट तो मनात रुजतो. मग ध्यानात येते, की राजवाड्यांनी तरी वेगळे काय केले होते? बखर पुनःपुन्हा वाचून तिच्या चुका सापडल्या नव्हत्या. ती मिटून ते दप्तराकडे गेले म्हणून सापडल्या. दप्तर आणि इतर संकेतस्थळे यांत फरक पुष्कळ असेल, पण पान सोडून उठण्याची हालचाल एकच आहे. केव्हा थांबायचे आणि केव्हा उठायचे, हा विवेक शिकवणे हे आता भाषेच्या शिक्षकाचे काम आहे. संगणकाच्या तासावर ते ढकलता येणार नाही.

हे करून पाहणारे आपल्याच देशात आहेत. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात लसीकरणाविषयीच्या अफवांनी हैराण झालेल्या प्रशासनाने २०१८ मध्ये जिल्हाधिकारी मीर मुहम्मद अली यांच्या पुढाकाराने ‘सत्यमेव जयते’ नावाचे वर्ग सुरू केले. सुमारे दीडशे सरकारी शाळांत मुलांना खोटी बातमी कशी ओळखावी, चित्र मूळचे कुठले ते कसे शोधावे, आणि पुढे पाठवण्यापूर्वी काय विचारावे, हे शिकवले गेले. पुढे त्या राज्याने हे शिक्षण इतर जिल्ह्यांतल्या शाळांतही नेले. त्यामागचा विचार व्यवहारी होता. वडीलधारी माणसे अधिकाऱ्याचे ऐकणार नाहीत, पण घरातल्या मुलाने जेवताना विचारलेला प्रश्न त्यांना टाळता येत नाही.

तो प्रश्न किती अवघड असतो, हे मला वर्गातच कळले. मी नववीला मराठी शिकवतो. एकदा एका थोर कवीच्या नावावर फिरणारी कविता मी फळ्यावर लिहिली आणि ही कोणाची, असे विचारले. सगळ्यांनी नाव सांगितले. कशावरून, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘सर, खाली लिहिलंय ना.’ मग आम्ही कपाट उघडून त्या कवीचे संग्रह काढले. दोन तास गेले, अभ्यासक्रम मागे पडला, कविता सापडली नाही. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘पण आपल्याकडे त्यांची सगळी पुस्तकं कुठे आहेत? सापडली नाही म्हणजे त्यांची नाहीच, असं कसं म्हणायचं?’ संशोधनपद्धतीवरच्या व्याख्यानांत हा मुद्दा मी कितीदा ऐकला असेल. तो माझ्या वर्गात, दोन तास पुस्तके उलटल्यावर, आपण होऊन उगवला. शेवटी फळ्यावर कवीच्या नावाच्या जागी आम्ही लिहिले, ‘कवी माहीत नाही.’ इतकी प्रामाणिक ओळ त्या फळ्यावर क्वचितच लिहिली गेली असेल.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, की तीच कविता तिच्या घरच्या गटावर आली होती आणि तिने तिथे विचारले, ही कोणत्या संग्रहात आहे? काकांनी उत्तर दिले, ‘मला काय माहीत, जशी आली तशी पाठवली.’ आणि आईने तिला बाजूला घेऊन सांगितले, मोठ्यांना असे विचारू नये.

या शेवटच्या वाक्याचे काय करायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. चित्राचा उगम शोधण्याची युक्ती एका तासात शिकवता येते. मोठ्यांना, आपल्या माणसांना, संतापलेल्या घोळक्याला ‘कशावरून?’ असे विचारायला जे बळ लागते ते तासिकेत बसत नाही. ते अंगी येत असेल तर रोज विचारू देण्यानेच येत असावे, आणि त्याची सुरुवात शिक्षकाला ‘कशावरून?’ विचारण्यापासून व्हावी लागेल. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी शेकडो माणसे होती. त्यांतल्या किती जणांच्या मनात शंका आली असेल, आणि मोठ्यांना असे विचारू नये, म्हणून किती जण गप्प राहिले असतील, हे कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.